बालाघाटच्या नॅरोगेज वाघिणी

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातून गेलेल्या सातपुडा नॅरोगेज रेल्वेचे मालडबे. बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदिया–बालाघाट–नैनपूर–जबलपूर हा मार्ग १९०३ ते १९०५ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू केला. रुळांमधील अंतर ७६२ मिमी. होते. १९४४ मध्ये ही कंपनी सरकारच्या ताब्यात गेली.

वाहतूक : सातपुड्यातील लाकूड, बांबू आणि धान्य या मार्गाने बाहेर पडे. गोंदियाला मात्र नागपूर–हावडा हा १,६७६ मिमी. रुंदीचा मार्ग लागत असल्याने माल छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत पुन्हा चढवावा लागे. त्यात वेळ, मजुरी आणि मालाची नासधूस असा तिहेरी तोटा होई. १९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच गेज आणण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे हेही एक कारण होते. बालाघाट–जबलपूर नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली.

रचना : धान्यासारख्या भिजणाऱ्या मालाला बंद, तर लाकूड, दगड व खनिजाला उघडी वाघीण लागते. बालाघाटजवळच्या भरवेली खाणीतून निघणाऱ्या मँगनीजसारखे जड खनिज भरताना वाघीण काठोकाठ भरण्याआधीच वजनाची मर्यादा गाठली जाते. म्हणून डब्याच्या अंगावर भारक्षमता आणि रिकाम्या डब्याचे वजन रंगवलेले असते. शेजारी मोठ्या दुरुस्तीची तारीख असते. जुन्या वाघिणीचा इतिहास आधी या अक्षरांतून वाचावा लागतो.

जतन : नागपूरच्या मोतीबाग येथे २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय सुरू झाले. मंडला जिल्ह्यातील नैनपूर या जुन्या नॅरोगेज जंक्शनलाही असे संग्रहालय आहे. सर्वसाधारणपणे इंजिनाला चौथरा मिळतो आणि वाघीण भंगारात जाते, कारण तिच्या लोखंडाला भाव असतो आणि तिला पाहायला कोणी थांबत नाही. उघड्यावर ठेवलेल्या वाघिणीच्या तळाशी पाणी साचते, आधी पत्रा आणि मग सांगाडा गंजतो. तळातील पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि वर छप्पर घालणे हे पहिले उपाय. सरसकट नवा रंग फासला की जुने आकडे व कारखान्याच्या खुणा झाकल्या जातात. त्यामुळे रंगकामापूर्वी त्यांची छायाचित्रे व नोंद घ्यावी.

या मार्गाची कमाई वाघिणींनी वाहिली. इंजिनाशेजारी मालाने झिजलेली एक तरी वाघीण उभी असल्याशिवाय सातपुडा रेल्वेचे जतन पुरे झाले असे म्हणता येणार नाही.