प्रतापगड, पोलादपूरच्या बाजूने

महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून प्रतापगडाची लढाई विचारा. शामियाना, मिठी, वाघनखं, सय्यद बंडा, ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’. सगळं धडाधड बाहेर येतं. आता पुढचा प्रश्न विचारा: खान पडल्यावर काय झालं? इथे बहुतेकांची गाडी अडते. ‘मग मावळे तुटून पडले...’ आणि धडा संपला.

म्हणजे बघा, लढाई आपण शिकलो असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात शिकलो ती भेट. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हाही चर्चा झाली ती त्या पोलादी नखांचीच. ती नेमकी तीच वाघनखं याचा पुरावा नाही, असं खुद्द त्या म्युझियमचं म्हणणं आहे. असो. नखांनी एक माणूस मरतो. हजारोंचं सैन्य नाही. ते कशानं हरलं?

हा प्रश्न मला पडायचं कारण माझे मामा. ते पोलादपूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहेत. गेल्या वर्षी म्हणाले, “तू दिवसभर कॉम्प्युटरवर नकाशे काढतोस ना? मग ये की एखाद्या शनिवारी. सातवीचा इतिहास चाललाय. पोरं माझं ऐकून कंटाळली आहेत.” शनिवारी सकाळची शाळा. एकाचे तीन शनिवार झाले: दोन मामांच्या शाळेत आणि एक महाडच्या एका शाळेत. त्या तीन सकाळींत पोरांना काय शिकवलं आणि पोरांनी काय विचारलं, ते लिहून ठेवावंसं वाटलं.

पहिल्या शनिवारी पुस्तक उघडलंच नाही. पटांगणात मातीचा ढीग केला. मागे उंच पठार, ते महाबळेश्वर, साधारण १३७० मीटर. तिथून दोन नद्या सोडल्या, निळ्या रांगोळीने. एक सावित्री: पश्चिमेला उतरते, पोलादपूर, महाड करत बाणकोटला अरबी समुद्राला मिळते. दुसरी कोयना: दक्षिणेला जाते, मग पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. उगम एकाच डोंगरावर, शेवट देशाच्या दोन टोकांना. या दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवर एक दगड ठेवला: प्रतापगड, सुमारे १०८० मीटर. दगडाच्या पूर्वेला, कोयनेच्या अंगाला, पार गाव. पश्चिमेला खाली आपण.

‘आपण’ म्हटल्यावर पोरं पुढे सरकली. प्रतापगड ‘साताऱ्याकडचा’, असं त्यांच्या डोक्यात. आंबेनळी घाटातून एसटी जाते तिकडचा. पण जुनी वाट पार घाटाची होती. देशावरचा माल याच वाटेने कोकणात उतरायचा आणि महाडच्या बंदरात सावित्रीतल्या होड्यांत चढायचा. म्हणजे ज्याच्या हातात जावळी, त्याच्या हातात ही वाट. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६५६ मध्ये मोऱ्यांकडून जावळी घेतली, त्याच वर्षी रायरी घेतली, जिचा पुढे रायगड झाला, आणि मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधून घेतला. हे सगळं खान यायच्या आधी! लढाई जिंकायची तयारी तीन वर्षं आधी सुरू झाली होती, फक्त ती लढाई कोणाशी होणार हे ठाऊक नव्हतं.

मग गणित. इतिहासकार खानाचं घोडदळ साधारण दहा ते बारा हजारांचं धरतात. आपण दहा हजारच धरू. घाटाच्या वाटेवर घोडे एकामागोमाग चालणार. एका घोड्याला मागची-पुढची मोकळी जागा धरून तीन मीटर. किती लांब रांग? पोरांनी फळ्यावर गुणाकार केला: तीस हजार मीटर. तीस किलोमीटर! पोलादपूर ते महाड जेमतेम वीस. म्हणजे पहिला घोडा पोलादपूरच्या स्टँडवर असताना शेवटचा महाडच्याही पलीकडे. आता या रांगेच्या मध्येच कुणी झाडं पाडून वाट अडवली, तर पुढच्याला मागच्याची खबर कशी लागणार?

पुढे चारा. एका घोड्याला दिवसाला दहा किलो वैरण म्हटली तरी दहा हजार घोड्यांना शंभर टन. रोज. एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्याकडं दोन बैलांची वैरण मार्चमध्ये संपते.” झालं, लॉजिस्टिक्सचा अख्खा धडा एका वाक्यात. अर्थात सगळं सैन्य काही खाली पारला उतरलं नव्हतं, वाईलाही तळ होताच. पण जे उतरलं ते अशा जागी उतरलं जिथे घोडा हे बळ नव्हतं, ओझं होतं.

मग खान आला कशाला? वेडा होता का? हा प्रश्न एका मुलीनेच विचारला, आणि मला वाटतं तोच सगळ्यांत महत्त्वाचा. अफझलखान वेडा नव्हता. तो वाईचा सुभेदार राहिलेला, हा मुलूख माहीत असलेला सरदार. १६५७ मध्ये औरंगजेब दख्खनमध्ये विजापूरच्या मानगुटीवर बसला होता. पण शाहजहान आजारी पडला, औरंगजेब तख्तासाठी उत्तरेला गेला आणि विजापूरला उसंत मिळाली. १६५९ मध्ये दरबाराने खानाला पाठवलं. तो वाईला येऊन थांबला. उघड्या मैदानात त्याच्या घोडदळापुढे मावळ्यांचा निभाव लागला नसता, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून महाराज पावसाळ्यात राजगडावरून प्रतापगडावर आले आणि तिथून हललेच नाहीत. खानाचे वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचे पंताजी गोपीनाथ. बोलणी एकच: मी घाबरलोय, वाईला यायची हिंमत नाही, आपणच जावळीत यावं. खानासाठी रडतोंडीच्या घाटातून रान तोडून वाट मोकळी करून दिली. आमच्या भाषेत सांगायचं तर समोरच्याने स्वतःहून ‘येस’वर क्लिक करावं अशी सगळी मांडणी :)

याच काळात, ५ सप्टेंबर १६५९ ला, राजगडावर सईबाई वारल्या. संभाजीराजे सव्वादोन वर्षांचे. महाराज प्रतापगडावर. हे सांगितल्यावर वर्ग गप्प झाला. या वर्गातल्या निम्म्यांचे वडील मुंबईला कामाला असतात. घरापासून लांब असणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायला लागत नाही.

१० नोव्हेंबर १६५९, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, गुरुवार. (ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या कॅलेंडरने मोजली तर २० नोव्हेंबर. तारखांशी रोज झगडणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी ही खास टीप.) भेटीत आधी वार कुणी केला यावर साधनांत एकमत नाही. मराठी बखरी खानाने दगा केला म्हणतात, दरबारी फारसी लेखन उलटं सांगतं. यदुनाथ सरकारांनी सगळं तपासून महाराजांचा वार हा स्वसंरक्षणाचा मानला. पोरांना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांना काही धक्का-बिक्का बसला नाही. पटांगणातल्या प्रत्येक मारामारीत ‘आधी त्यानं मारलं’ हेच तर चालतं.

पण खरी लढाई त्यानंतरची. गडावरून इशारत झाली. मोरोपंतांचं पायदळ, जे कोकणातून वर आलं होतं, म्हणजे आमच्या बाजूने, रानातून पारच्या तळावर पडलं. नेताजी पालकरांचं घोडदळ दुसऱ्या अंगाने. मावळचे जेधे, बांदल आपापल्या जागी. ना फोन, ना वायरलेस. सगळं आधी ठरलेलं, एका आवाजावर सुरू होणारं. एक माणूस नसता तरी चाललं असतं असं नाही. पण एका माणसाने झालं असंही नाही. धड्यातून निसटतं ते हेच.

दुसऱ्या शनिवारी गंमत झाली. वर्गात चार मुलं मोरे आडनावाची. त्यांतला एक उठला: “सर, मग आम्ही त्यांच्याकडून होतो का?” सगळे हसले. मामा माझ्याकडे बघायला लागले. प्रश्न मात्र अगदी रास्त होता. जावळी मोऱ्यांकडून बळानेच घेतली होती. त्यांतले प्रतापराव मोरे विजापूरला गेले आणि खानाबरोबर परत आले. मग फळ्यावर दोन रकाने केले. खानाच्या बाजूला: महाराजांचे भाऊबंद मंबाजी भोसले, उत्रोळीचे खंडोजी खोपडे, झुंझारराव घाटगे, वकील कृष्णाजी भास्कर. महाराजांच्या बाजूला कान्होजी जेधे, नेताजी, मोरोपंत, जिवा महाला, आणि भेटीच्या वेळच्या दहा अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. पोरांनी रकाने बराच वेळ न्याहाळले. आडनावावरून किंवा धर्मावरून बाजू ओळखता येत नव्हती.

मग बाजू ठरत कशी होती? कान्होजी जेध्यांनाही विजापूरचं फर्मान आलं होतं: खानाला सामील व्हा, नाहीतर वतन जाईल. कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे आले आणि वतनावर पाणी सोडलं. खोपड्यांनी उलट निवड केली. दोघेही मावळातलेच देशमुख. जिंकणार कोण हे दोघांनाही माहीत नव्हतं. मुलाला मी एवढंच म्हटलं, “तुझ्या आडनावानं तुझ्यासाठी काही निवडलेलं नाही. निवड ज्यानं त्यानं केली.” तो खाली बसला. पटलं की नाही, कोण जाणे.

तिसरा शनिवार महाडला. तिथल्या बाई आधीच म्हणाल्या, “अफझलखानाचा धडा आला की मी जरा जपून शिकवते. वर्गात सगळ्या समाजाची मुलं आहेत.” महाडात कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी. धडा सुरू झाला की काही मुलं मागे वळून काही मुलांकडे बघतात, हे बाईंनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. त्या दिवशीही बघितलं. मी आधी दोन रकाने काढले आणि मग घोड्यांचं गणित घातलं. तीस किलोमीटर हे उत्तर सगळ्यांत आधी मागच्या बाकावरून आलं. त्यानंतर कुणी मागे वळून बघितलं ते कौतुकाने.

त्याच बाकावरून प्रश्न आला: खानाचं पुढे काय केलं? महाराजांनी त्याला गडाच्या पायथ्याशी दफन करवलं. कबर तिथेच आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या भोवतीची अनधिकृत बांधकामं प्रशासनाने पाडली, तेव्हा ती पुन्हा बातम्यांत आली. शरण आलेल्यांना जीवदान दिल्याचं १६९० च्या दशकात जिंजीला लिहिलेली सभासदाची बखर सांगते. लढताना हयगय नाही आणि लढाई संपल्यावर वैर नाही, या दोन्ही गोष्टी एकाच धड्यात बसतात. एक गाळली की धडा लंगडा.

हा पेच काही आपलाच नाही. इसवी सन ९ मध्ये जर्मनीतल्या टॉयटोबुर्गच्या जंगलात आर्मिनियसने रोमच्या तीन लीजन अशाच अरुंद वाटेत गाठून संपवल्या. तोही रोमन सैन्यात राहून त्यांचं तंत्र शिकलेला. एकोणिसाव्या शतकात जर्मनांनी त्याचा ‘हेरमान’ केला, १८७५ मध्ये डेटमोल्डजवळ त्याचा प्रचंड पुतळा उभा राहिला, आणि पुढे तो कुणाकुणाच्या विरोधात वापरला गेला. आपल्याकडे ३० नोव्हेंबर १९५७ ला प्रतापगडावरच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण नेहरूंनी केलं, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने जोरदार निदर्शनं केली. म्हणजे गड तोच, पण प्रत्येक पिढी तिथे आपलं भांडण घेऊन चढते. पोरांनी मात्र आधी गड बघावा, भांडण नंतर.

मग ही लढाई निर्णायक का? खान मेला म्हणून? तेवढंच असतं तर विजापूरने दुसरा सरदार पाठवला असता. आणि पाठवलाच की. १६६० मध्ये सिद्दी जौहर आला. निर्णायक ठरले पुढचे अठरा दिवस. मराठी फौजा थांबल्या नाहीत. वाई घेतली, कोल्हापूरपर्यंत गेल्या आणि २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला. काल-परवापर्यंत दरबार ज्यांना पुंडावा करणारे म्हणत होता, ते आता राज्य चालवतील असं लोकांना वाटू लागलं. कान्होजींनी जो जुगार खेळला, तो पुढच्या देशमुखासाठी जुगार उरला नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यात ‘हे होऊ शकतं’ असं बघणाऱ्याला पटणं, हाच बहुधा निर्णायक क्षण असतो.

याच तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. सिंहगडाची लढाई ४ फेब्रुवारी १६७० ची, म्हणजे प्रतापगडानंतर जेमतेम दहा वर्षांनी. पोरांना तिथे दरवर्षी नेतात, त्यामुळे तानाजी त्यांचे आहेतच. पण डोंगर, वैरण, पायवाटा आणि घाट चढायला लागणारा वेळ, हेही इतिहासाचंच साहित्य आहे आणि ते आपल्याला पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा जास्त कळतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. या शाळांचा पट दरवर्षी घटतोय. यांतली बरीचशी दहावीनंतर मुंबईची गाडी धरतील. जाताना ‘आमच्या गावात काय आहे?’ असं न म्हणता गेली, तरी पुष्कळ झालं.

परवा मामांचा फोन आला. चाचणीत प्रश्न होता: अफझलखानाच्या पराभवाची कारणे लिहा. एकीने फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या: “वाट अरुंद होती. आमच्या लोकांना ती माहीत होती.”

मामांनी विचारलं, “पाचपैकी किती देऊ?”

मी म्हटलं, “मामा, पाच द्या.”

“साडेचार दिले,” मामा म्हणाले. “मोरोपंतांचं नाव लिहिलं नाही.”