विषारी शेवाळ आणि पहिला खाणारा

वळवणच्या तलावात अडलेला आपला पाऊस १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजघरात उतरतो आणि तेथून पाताळगंगेने धरमतरच्या खाडीस मिळतो. तेव्हा घाटमाथ्यावरच्या मंडळींनी समुद्राची चौकशी करणे अगदीच अस्थानी नव्हे.

१७९३ च्या जूनमध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या खलाशांनी आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर शिंपले भाजून खाल्ले. जॉन कार्टर नावाचा खलाशी काही तासांत मेला. त्या जागेस 'विषाची खाडी' हे नाव पडले. कारण मात्र उमगले नाही. विष शिंपल्याचे नव्हतेच. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे शेवाळ तो गाळून खातो, आणि काही जातींच्या शेवाळातले विष त्याच्या अंगात साठते. शिजवल्याने ते जात नाही. खाणाराच्या ओठांना मुंग्या येतात, हातपाय लुळे पडतात, शेवटी श्वास थांबतो.

१९२७ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळ १०२ माणसे आजारी पडली, ६ दगावली. त्यानंतर सोमर व मेयर या संशोधकांनी शेवाळाचा संबंध जोडला आणि १९३७ मध्ये परीक्षा सांगितली: शिंपल्याचा अर्क उंदराला टोचावा व तो किती मिनिटांत मरतो ते पाहावे. २० ग्रॅमचा उंदीर १५ मिनिटांत मारील ती विषाची एक मात्रा. ही परीक्षा कित्येक दशके जगभर चालली.

आणि आपल्याकडे? १९८३ च्या एप्रिलात मंगळूरजवळ कुळाई येथे तिसऱ्या खाऊन लोक आजारी पडले, एक मुलगा गेला. तेथे उंदराच्या आधी माणूसच परीक्षेला बसला. कारखान्यात वायू गळतो तेव्हा कामगाराचा खोकला हेच पहिले मापकयंत्र असते. मला हा प्रकार नवा वाटला नाही.

१९६२ मध्ये क्लार्क व लायन्स यांनी साखर ओळखणारे विकर विद्युत्अग्रावर बसवण्याची कल्पना मांडली. जैवसंवेदकाचा, म्हणजे बायोसेन्सरचा, उगम तो. विकराच्या जागी विषाला नेमके पकडणारे प्रतिद्रव्य, किंवा त्या शेवाळाच्या डीएनएशी जुळणारा धागा बसवला, की जुळणी होताच विजेचा वा प्रकाशाचा इशारा मिळतो. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात असे काम करणारी यंत्रे पाण्यातच ठेवून पाहिली गेली आहेत.

परंतु तिसऱ्या ओहोटीला काढतात आणि त्याच दिवशी विकतात. नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कालवण झालेले असते. यंत्र हवे ते वाटे मांडून बसलेल्या बाईच्या पाटीशेजारी. आणि त्याचा खर्च तिच्या पाटीतून वसूल होऊ नये, एवढी पुस्ती मी जोडतो.