रस्त्याची खोट आणि जातीची खोट

संविधानाचे कलम १५(२) आपण अनेकदा वाचतो, सभांमधून सांगतो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट वापरण्यास आडकाठी करता येणार नाही, असे ते कलम सांगते. त्याच यादीत 'रस्ते' हा शब्दही आहे. विहीर आणि तलाव तिथे का आहेत हे महाडचा इतिहास माहीत असलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. पण रस्ता का? सरकारी पैशातून बांधलेल्या रस्त्यावरून चालता येते हे मूलभूत हक्कांत लिहून ठेवायची वेळ या देशावर का आली?

हा प्रश्न आम्ही आज मांडतो आहोत, कारण सध्या जिकडे तिकडे रस्त्यांचीच चर्चा आहे. चौपदरीकरण, सहापदरीकरण, उड्डाणपूल, बाह्यवळण, समृद्धी महामार्ग. या चर्चेत आंबेडकरी तरुण बहुधा प्रेक्षक असतो. 'रस्ता सगळ्यांचा असतो, डांबराला जात नसते' असे म्हटले जाते आणि आपणही मान डोलावतो. इतिहास मात्र काही वेगळे सांगतो.

वाट दाखवणारा आणि वाटेवरून हटवलेला

पेशवाईत अस्पृश्यांवर रस्त्यात कोणती बंधने होती हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. समोरून सवर्ण येत असेल तर सावलीचा विटाळ होऊ नये म्हणून रस्ता सोडायचा. पुण्यात कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे चाललेली धूळ मागच्या मागे पुसली जाईल. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवायचे.

आता त्याच काळातल्या महार वतनाची कामे पाहा. प्रवाशाला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवायची, सरकारी निरोप पोचवायचे, अधिकाऱ्याचे ओझे वाहायचे, गावाच्या वेशीवर पहारा द्यायचा. म्हणजे रस्ता राखायचा आम्ही, त्याची माहिती ठेवायची आम्ही, पण त्यावरून ताठ मानेने चालायचे नाही. हे वतन पेशवाईबरोबर गेले नाही, इंग्रजी अमलातही चालू राहिले. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा या बिनमोल राबवणुकीवरच त्यांनी बोट ठेवले होते. रस्त्यावर राबणे हे कर्तव्य, रस्ता वापरणे हा मात्र दुसऱ्याचा हक्क. जातीने रस्त्याची वाटणी अशी करून ठेवली होती.

वैकोम : जातीसाठी बांधलेले वळण

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात ही वाटणी आणखी उघड होती. तिथे पुलय समाजातील अय्यंकाली यांनी १८९३ मध्ये बैलगाडी विकत घेतली आणि ज्या सार्वजनिक रस्त्यांवर त्यांच्या समाजाला मज्जाव होता त्यांवरून ती चालवली. मारहाण झाली, दंगे झाले, पण ते मागे हटले नाहीत. महाडच्या तीन दशके आधीची ही गोष्ट आहे आणि ती आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी असायला हवी.

३० मार्च १९२४ रोजी त्याच संस्थानातील वैकोम येथे सत्याग्रह सुरू झाला. मागणी मंदिरप्रवेशाची नव्हती, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालू देण्याची होती. हे रस्ते सार्वजनिक होते. त्यांवरून जनावरे जात, पण अवर्णांना बंदी असल्याचे फलक लावलेले होते. पेरियार तिथे गेले आणि तुरुंगात गेले. त्या वर्षीच्या महापुरातही सत्याग्रही अंगावर पाणी घेऊन उभे राहिले. फेब्रुवारी १९२५ मध्ये हे रस्ते खुले करण्याचा ठराव संस्थानच्या कायदेमंडळात आला आणि एका मताने पडला.

नोव्हेंबर १९२५ मध्ये सत्याग्रह संपला, तो तडजोडीने. तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, पूर्वेचा रस्ता सवर्णांसाठीच राहिला आणि मंदिराला विटाळ होऊ नये अशा बेताने सरकारने पर्यायी रस्ते बांधून दिले. मित्रांनो, इथे थोडे थांबा. सरकारी बांधकाम खात्याने मोजमाप केले, आखणी केली, खडी टाकली, आणि हे सारे जातीला धक्का लागू नये म्हणून केले. अभियांत्रिकी तटस्थ असते असे मानणाऱ्यांनी हे वळण ध्यानात ठेवावे.

चाळीसगावची मोरी

आता बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग पाहू. साल १९२९. अस्पृश्यांवरील अन्यायाची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. तिथल्या बांधवांनी रात्री मुक्कामाचा आग्रह धरला होता. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, तरी त्यांना तासभर थांबावे लागले. मग एक टांगा आला. थोडे पुढे जातो न जातो तोच तो मोटारीवर आदळता आदळता राहिला. नदीवरच्या मोरीपाशी घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आपटले आणि बाबासाहेब फरशीवर फेकले गेले. टांगा घोड्यासकट नदीत पडला. बाबासाहेब बेशुद्ध झाले, त्यांचा पाय मोडला.

नंतर खरी हकीकत कळली. महाराला टांग्यात बसवून हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. आपला पाहुणा, आपला नेता पायी यावा हे लोकांना सहन होईना. शेवटी तोडगा निघाला : टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. ज्याने लगाम धरला त्याला टांगा हाकता येत नव्हता.

ही हकीकत आपण नेहमी जातीचा पुरावा म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी ती त्यासाठीच लिहिली. पण त्यांनी त्या मोरीचेही वर्णन करून ठेवले आहे. तिला पुलासारखे कठडे नव्हते, फक्त काही फुटांच्या अंतराने बसवलेले दगड होते. रस्ता मोरीला काटकोनात येऊन मिळत होता, त्यामुळे तिच्यावर चढताना एकदम वळावे लागे. आजचा कोणताही रस्ते अभियंता या दोन ओळी वाचून सांगेल की ही धोक्याची जागा आहे. अरुंद मोरीच्या तोंडाशी काटकोनी वळण आणि बाजूला कठडा नाही.

तिथून रोज टांगे जात आणि सुखरूप जात, हेही बाबासाहेबांनीच लिहिले आहे. म्हणजे रस्त्याची खोट सगळ्यांसाठी होती, पण ती सांभाळून नेणारा सराईत हात जातीने फक्त आपल्याला नाकारला. रस्त्याची खोट आणि जातीची खोट एका ठिकाणी आली आणि हाड बाबासाहेबांचे मोडले. आमचे म्हणणे या एका वाक्यात आहे : सदोष रस्ता सगळ्यांच्या वाट्याला येतो, त्याची किंमत मात्र ज्याच्याकडून बाकीचे संरक्षण आधीच काढून घेतले आहे तो मोजतो.

पाचशे मीटरचा हिशेब

डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली. तिथे ठरलेली 'नागपूर योजना' ही भारतातील रस्ते नियोजनाची पायाभूत योजना. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही उतरंड तिथे पक्की झाली. विकसित शेतीच्या प्रदेशात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असे ध्येय ठेवले गेले. ध्येय चांगलेच होते. पण मोजण्याचे एकक होते 'गाव'. आणि गाव म्हणजे काय हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत ग्रामव्यवस्थेचे वाभाडे काढले ते उगाच नव्हे. नकाशावर गाव हा एकच ठिपका असतो, जमिनीवर ती दोन गावे असतात.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिने महसुली गावाऐवजी 'वस्ती' हे एकक धरले. हे पाऊल पुढचे होते आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण तिच्या निकषात एक अट होती : सपाट प्रदेशात बारमाही रस्त्यापासून किंवा आधीच जोडलेल्या वस्तीपासून किमान ५०० मीटर दूर असेल तीच वस्ती 'न जोडलेली' समजायची. आता आपल्या वस्त्या कुठे असतात? गावकुसाबाहेर, बहुतेक ओढ्यापलीकडे, दोनशे-तीनशे मीटरवर. कागदावर त्या 'जोडलेल्या' झाल्या. पावसाळ्यात ओढा भरला की शाळा बंद, दवाखाना बंद, मयत खांद्यावर घेऊन पाण्यातून जायचे, तरीही वस्ती जोडलेलीच. ही अट लिहिणाऱ्याच्या मनात जात होती असे आम्ही म्हणत नाही. तशी गरजही नाही. गावकुसाचे अंतर जातीने आधीच ठरवून ठेवले होते, नियमाने फक्त ते पाहिले नाही. पुढे दलित वस्ती सुधार योजनेतून वस्तीच्या आत सिमेंटचे रस्ते झाले, पण वस्ती आणि गाव यांच्यामधला तो तुकडा अनेक ठिकाणी आजही चिखलाचा आहे.

आणि हे रस्ते बांधले कोणी? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. खडी फोडायला आणि माती वाहायला आले ते भूमिहीन, दलित, आदिवासी आणि मोठ्या संख्येने बाया. आजच्या अनेक ग्रामीण रस्त्यांच्या खाली त्यांची हातोडी आहे.

महामार्ग कोणाच्या पायाने मोजायचा?

आता आजच्या 'सुधारणे'कडे वळू. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते. पायी चालणारा, सायकलवाला, रस्त्याकडेला बसची वाट पाहणारा मजूर कोणत्या समाजातून जास्त येतो हे सांगायला वेगळ्या पाहणीची गरज नाही.

राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट' ठरवण्याचा निकष काय आहे? सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे आधी माणसे मरायची, मग वळण सुधारायचे. रेखांकनातच दिसणारा धोका दूर करायला मृतदेहांची मोजणी कशाला हवी?

सुधारणा झाली तरी ती कोणाच्या सोयीची, हा प्रश्न उरतोच. चौपदरी रस्त्यावर अपघात होतात म्हणून दुभाजकातली वाट बंद केली जाते. गाडी न थांबता जाते. वस्तीतली बाई मात्र पलीकडच्या शेतात कामाला जायला किलोमीटरभर वळसा घालते, किंवा दुभाजकावरून उडी मारते आणि मेली तर 'बेजबाबदार पादचारी' ठरते. काही ठिकाणी पादचारी पूल बांधतात. खालून वाहने जायला साडेपाच मीटर जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणजे डोक्यावर गवताचा भारा घेऊन दोन मजले चढायचे आणि उतरायचे. दुसरा उपायही अभियांत्रिकीतच आहे : वस्तीजवळ वाहनांचा वेग कमी करणारे उंचवट्याचे ओलांडणे, मध्ये थांबायला सुरक्षित जागा, दिवे, किंवा जमिनीच्या पातळीवरचा भुयारी मार्ग. वाहनाचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असेल तर धडक बसलेला बहुतेक वेळा वाचतो. वेग वाढेल तशी ती शक्यता झपाट्याने घटते. गाडीवाल्याचे एक मिनिट की बाईचा जीव, हे रेखांकनात ठरते. तो निर्णय तांत्रिक असतो तितकाच राजकीयही असतो.

शहरात आणखी एक प्रकार आपण पाहतो. जुना थर न खरवडता डांबरावर डांबर चढते, रस्ता दर खेपेला उंच होतो आणि पावसाचे पाणी शेजारच्या झोपडपट्टीत शिरते. त्यालाही रस्ता सुधारणा म्हणतात.

मग विकासाला विरोध करायचा का?

काही मित्र विचारतील, 'म्हणजे तुम्हाला महामार्ग नकोत?' असे मुळीच नाही. बाबासाहेब बैलगाडीच्या युगात परत चला म्हणणारे नव्हते. धरणे, वीज, यंत्र यांचे त्यांनी समर्थन केले, मजूरमंत्री म्हणून त्यासाठी काम केले. चांगला रस्ता आपल्या मुलांना गावाच्या जाचातून बाहेर काढतो. म्हणूनच रस्ता कुठून जातो, कुठे थांबतो आणि कोणाला ओलांडू देतो, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

कायद्याने हत्यारही दिले आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्यात रस्ता किंवा वाट वापरण्यास अडवणे हा स्पष्ट गुन्हा आहे. पण हा कायदा अडवणाऱ्या माणसाला पकडतो, अडवणाऱ्या रेखांकनाला नाही. रेखांकनाशी लढायला ते वाचावे लागते.

म्हणून प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने आपल्या भागातील रस्त्याच्या कामाचा प्रकल्प अहवाल माहिती अधिकारात मागवावा. त्यात पाच गोष्टी तपासाव्यात. वस्तीसमोर ओलांडायची सोय आहे का? गटाराचे पाणी शेवटी कुठे सोडले आहे? नव्या रस्त्याची पातळी घरांच्या जोत्यापेक्षा वर जाते का? पदपथ निदान १.८ मीटर मोकळा आहे का? स्मशानाकडे जाणारी आपली वाट तुटते का? उत्तरे ग्रामसभेत आणि वॉर्ड सभेत लेखी मागावीत. आपल्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलामुलींनी नकाशा वाचून दाखवावा. राखीव जागेतून घेतलेल्या पदवीचा वस्तीला याहून चांगला उपयोग कोणता?

अय्यंकालींनी रस्त्यावर गाडी घातली, वैकोमचे लोक बंदीच्या फलकासमोर उभे राहिले, बाबासाहेबांनी 'रस्ते' हा शब्द संविधानात आणला. आता फलक उरलेले नाहीत. बंदी नकाशातल्या एका रेषेत असते, आणि ती रेषा पक्की होण्याआधी आपण तिथे हजर असायला हवे.

जय भीम!