नव्या जागी मूल का झोपत नाही? भरलेल्या खोलीत त्याला शांत झोप कशी मिळेल?

गणपतीत कोकणातलं घर माणसांनी भरून जातं. रात्री माजघरात ओळीने गाद्या पडतात आणि दहा-बारा जण शेजारी शेजारी झोपतात. लग्नाच्या आदल्या रात्री मंगल कार्यालयातल्या वऱ्हाडाच्या खोलीतही हेच चित्र असतं. मोठी माणसं गप्पा मारता मारता झोपी जातात. दोन-तीन वर्षांचं मूल मात्र अकरा वाजले तरी टक्क जागं असतं, नाहीतर झोपून तासाभरात रडत उठतं. मग ‘पोराला सवयच लावली नाही’ असं आईला ऐकून घ्यावं लागतं.

पण यात मुलाचा हट्ट किंवा आईवडिलांची चूक शोधण्याआधी झोपेचं गणित समजून घ्यायला हवं.

नव्या जागी नेमकं काय होतं?

अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री झोप सावध लागते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये याचं एक कारण दाखवून दिलं. नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूची डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा जास्त जागरूक राहते, असं त्यांना आढळलं. त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक दिसला नाही. हा प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता. म्हणजे जाणत्या माणसालाही जिथे पहिली रात्र जड जाते, तिथे लहान मुलाने लगेच घोरत पडावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक जण रात्रीतून काही वेळा क्षणभर जागा होतो. झोपताना जसं होतं तसंच आजूबाजूला दिसलं, तर मूल पुन्हा झोपतं. आरतीच्या गडबडीत आजीच्या मांडीवर झोपलेलं मूल मध्यरात्री अंधारात, अनोळखी गादीवर जागं झालं, तर ते घाबरतं. म्हणून रात्र जिथे काढायची आहे, त्याच जागेवर मुलाला झोपवणं चांगलं.

एका खोलीत अनेक जण झोपणं हीच अडचण आहे का?

नाही. 2010 साली 17 देश-प्रदेशांतल्या 29 हजारांहून अधिक बाळांच्या आणि लहान मुलांच्या झोपेची माहिती गोळा करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. आईवडिलांच्या खोलीत झोपण्याचं प्रमाण आशियाई देशांत पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त असल्याचं त्यात दिसलं. आपल्याकडची बहुतेक मुलं कुणाच्या तरी शेजारीच झोपतात. त्यामुळे बाहेरगावी त्रास होतो तो वेळ, उजेड, आवाज आणि शेजारचं माणूस असं सगळं एकदम बदलतं म्हणून.

मग सोबत काय न्यायचं?

घरचा क्रम. 2009 साली 405 आया आणि त्यांच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, रोज ठरलेल्या क्रमाने झोपवलेली मुलं लवकर झोपली आणि रात्री कमी वेळा उठली. हात-पाय धुणं, कपडे बदलणं, गोष्ट किंवा अंगाई आणि मग झोप, असा जो काही क्रम घरी असेल, तो बाहेरही तसाच ठेवता येतो. त्याला नव्या खोलीचा अडसर नसतो.

मोठ्या मुलाचं रोजचं पांघरूण न धुता न्यावं. त्याचा वास ओळखीचा असतो. पंगत उशिरा बसणार असेल तर मुलाला आधी भरवून घ्यावं. दुपारची झोप पाहुण्यांच्या नादात बुडू देऊ नये. अति दमलेलं मूल लवकर झोपण्याऐवजी किरकिर करत बसतं.

किती झोप हवी, याचं एक माप हाताशी ठेवता येईल. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या शिफारशीनुसार 1 ते 2 वर्षांच्या मुलांना दिवसभरात 11 ते 14 तास, 3 ते 5 वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास (दोन्हींत दुपारची झोप धरून) आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते.

उजेड आणि आवाजाचं काय?

कोलोरॅडो विद्यापीठाच्या 2018 मधल्या एका छोट्या प्रयोगात 3 ते 5 वर्षांच्या 10 मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळवलं. झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाचं त्यांच्या शरीरातलं प्रमाण सुमारे 88 टक्क्यांनी घटलं. घरातला दिवा इतका प्रखर नसतो, पण दिशा कळते. मोठ्यांच्या गप्पा ओटीवर हलवाव्यात, खोलीत झिरोचा बल्ब ठेवावा आणि मुलाच्या हातातला मोबाइल तासभर आधी बाजूला करावा. पंख्याचा एकसुरी आवाज बाहेरची कुजबुज झाकतो.

कुणाशेजारी झोपवायचं?

वर्षाच्या आतल्या बाळासाठी हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते, की बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट जागी झोपवावं. जवळ उशी, मऊ गादी किंवा सैल पांघरूण नसावं. निदान पहिले 6 महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, पण वेगळ्या अंथरुणावर असावं. दाटीवाटीच्या गादीवर दोन मोठ्यांच्या मध्ये, जड गोधडीखाली किंवा सोफ्यावर बाळाला झोपवल्यास गुदमरण्याचा धोका असतो. आईच्या हाताच्या अंतरावर जमिनीवरच बाळाचं वेगळं अंथरूण घालता येतं.

मोठं मूल भिंत आणि आई किंवा बाबा यांच्या मध्ये झोपलेलं बरं. अमुक एकाशेजारी झोपायचं नाही, असं ते म्हणालं तर लाडाने किंवा दटावून गप्प करू नये. आधी जागा बदलावी आणि कारण नंतर एकांतात विचारावं. मदत लागल्यास 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

झोपेसाठी सर्दीचं औषध चालतं का?

नाही. प्रवासात मूल झोपावं म्हणून सर्दीचं सिरप पाजण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. मात्र क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं एकत्र औषध 4 वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचे आदेश देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये दिले. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय झोपेसाठी कोणतंही औषध देऊ नये.

हे किती दिवस चालतं?

बहुधा पहिली रात्र सगळ्यात अवघड असते. त्यामुळे मुक्काम दोन-तीन दिवसांचा असेल तर पहिल्या रात्रीनंतर पहाटेची पूजा किंवा लांबची सहल ठेवू नये. घरी परतल्यावर उठायची वेळ पहिल्या दिवसापासून पूर्ववत केली, की बाकीचं घड्याळही काही दिवसांत जागेवर येतं. मूल एरवीही घोरत असेल किंवा झोपेत त्याचा श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, तर तो जागाबदलाचा परिणाम नाही. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं.