गणेशमूर्तींचे रंगकाम

गणेशमूर्तींचे रंगकाम म्हणजे शाडूच्या किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीवर अस्तर, मूळ रंग, छटा आणि डोळ्यांची आखणी या क्रमाने केले जाणारे काम होय. रायगड जिल्ह्यातील पेण हे मूर्तिनिर्मितीचे प्रसिद्ध केंद्र आहे. तेथून न रंगवलेल्या, म्हणजे ‘कच्च्या’ मूर्ती मुंबई व तिच्या उपनगरांतील कारखान्यांतही रंगकामासाठी आणल्या जातात.

अस्तर

शाडूची मूर्ती भाजली जात नाही. ती सावलीत वाळवतात, कारण कडक उन्हात ती तडकते. ओल राहिल्यास रंगाचे पोपडे निघतात. हे काम बहुतांशी पावसाळ्यात येत असल्याने वाळवणीला अधिक वेळ लागतो. वाळलेल्या मूर्तीच्या भेगा बुजवून ती पॉलिश पेपरने घासतात व पांढरे अस्तर देतात. पारंपरिक अस्तरात खडूची पूड आणि डिंक किंवा सरस वापरतात. अस्तरामुळे मूर्ती सर्वत्र सारखा रंग शोषते आणि वरचे रंग उजळ दिसतात. अस्तराचा थर जाड झाल्यास दागिन्यांचे कोरीवकाम बुजते.

छटा

अंगाचा मूळ रंग वाळल्यावर त्याचीच गडद छटा सोंडेच्या वळ्या, कानांच्या मुळाशी, गळा व बोटांच्या फटींत देतात. गंडस्थळ, गाल व पोट उजळ ठेवतात. लहान मूर्तीवर नैसर्गिक सावली फिकी पडते. ती उणीव छटा भरून काढते. लघुप्रतिकृतींच्या रंगकामातही हेच तत्त्व वापरले जाते. स्प्रे गन लांब धरल्यास छटा पसरट व मऊ येते, तर जवळ धरल्यास ती गडद उमटते. दुरून पाहिल्या जाणाऱ्या मोठ्या मूर्तींना छटांचा फरक ठळक ठेवावा लागतो.

आखणी

डोळ्यांची आखणी बारीक ब्रशने, सहसा शेवटी करतात. बुबुळांची जागा किंचित चुकली तरी मूर्तीची नजर बदलते, म्हणून हे काम अनुभवी कारागिराकडे असते.

विसर्जन आणि रंग

शाडूची माती पाण्यात विरघळून सुटी होते. मात्र तिच्यावर तैलरंग किंवा वॉर्निशचा थर असल्यास पाणी आत शिरण्यास अडथळा येतो. काही रंगांत शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू असतात. ते विसर्जनानंतर पाण्यात व गाळात मिसळतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत विषारी रासायनिक रंगांना मनाई असून नैसर्गिक रंगांचा पुरस्कार केलेला आहे. त्यामुळे उत्सवकाळात टिकणारा आणि विसर्जनात मातीला अडवून न धरणारा रंग निवडणे, हा या कामातील महत्त्वाचा निर्णय ठरतो.