रोलिंग स्टोन्स : सलामीचे कलावंत आणि सामायिक मैफली

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडची पहिली मैफल १२ जुलै १९६२ रोजी लंडनच्या मार्की क्लबमध्ये झाली. बँडचे नाव शिकागोचे ब्लूज गायक मडी वॉटर्स यांच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतलेले. मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स आणि ब्रायन जोन्स या तिघांची संगीताची तालीम झाली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून. पुढे बँडचा बोलबाला झाला आणि आपल्या आधी मंचावर कोणी यावे हे ठरवणे त्यांच्या हाती आले. विशेषतः १९६५ ते १९८१ या काळात त्यांनी ही सत्ता पुष्कळदा आपल्या गुरुस्थानी असलेल्या कलावंतांसाठी वापरली. बँडच्या इतिहासातील हा भाग त्यांच्या गाजलेल्या भानगडींपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

आरंभी स्टोन्स स्वतःच सलामीचे होते. १९६३ च्या शरदात ते एव्हर्ली ब्रदर्स यांच्या ब्रिटन दौऱ्यात सामील झाले. त्या काळी असे दौरे चित्रपटगृहांतून होत. एकाच तिकिटात पाच-सहा नावे, एका संध्याकाळी दोन खेळ आणि नवख्यांच्या वाट्याला मोजकी मिनिटे. याच दौऱ्यात बो डिडली होते आणि तिकिटे खपेनात म्हणून पुढे लिटल रिचर्ड यांनाही आणण्यात आले. स्टोन्स एरवी बो डिडली यांची गाणी हमखास म्हणत. या दौऱ्यात मात्र त्यांनी ती आदराने वगळली. ज्यांच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकल्या, ती माणसे रोज विंगेतून पाहायला मिळणे हे त्यांचे खरे शिक्षण ठरले. जानेवारी १९६४ मध्ये रॉनेट्स या न्यूयॉर्कच्या गायिकांच्या त्रयीबरोबर त्यांनी ब्रिटनचा दौरा केला.

ऑक्टोबर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे ‘टी.ए.एम.आय. शो’ या चित्रपटासाठी मैफल झाली. तिच्या शेवटी स्टोन्सना गायचे होते आणि त्यांच्या आधी होते जेम्स ब्राउन. ब्राउन यांचे गाणे, नाच, गुडघ्यांवर कोसळणे, खांद्यावर टाकलेली शाल झुगारून पुन्हा माइककडे धावणे हे सारे पडद्यावर टिकून आहे. त्यापुढे जॅगरची धडपड केविलवाणी दिसते. पण त्यानंतरच्या वर्षांत जॅगरच्या पदन्यासात ब्राउन यांची छाया स्पष्ट उमटली, हेही तितकेच खरे. पुढच्या वर्षी मे महिन्यात अमेरिकी दूरचित्रवाणीवरील ‘शिंडिग’ कार्यक्रमात स्टोन्सनी हाउलिन वुल्फ यांना बोलावण्याचा आग्रह धरला. वुल्फ गात असताना बँडचे तरुण मंचावर त्यांच्या पायाशी बसून ऐकत होते. ब्लूजच्या या दिग्गजाला अमेरिकेतील गोऱ्या घरांपर्यंत पोहोचायला इंग्रज पोरांची शिफारस लागावी, ही त्या देशाच्या वर्णभेदाची साक्ष होय.

१९६६ च्या शरदातील ब्रिटन दौऱ्यात आइक आणि टीना टर्नर यांचा ताफा होता. शिवाय यार्डबर्ड्स होते आणि त्यांच्यात त्या वेळी जेफ बेक व जिमी पेज असे दोन्ही गिटारवादक एकाच वेळी वाजवत होते. बीटल्सबरोबर स्टोन्स एका मंचावर फार थोड्या वेळा आले. १ मे १९६६ रोजी वेम्बलीत ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ साप्ताहिकाच्या वार्षिक सोहळ्यात दोघेही वाजवून गेले. डिसेंबर १९६८ मध्ये स्टोन्सनी ‘रॉक अँड रोल सर्कस’ हा दूरचित्रवाणीपट चित्रित केला. त्यात जेथ्रो टल, ताज महाल आणि द हू हे पाहुणे होते. द हू यांचे वादन इतके रंगले की यजमान त्यांच्यापुढे थकलेले वाटतात. हा पट तब्बल १९९६ पर्यंत प्रकाशित झाला नाही.

१९६९ चा अमेरिका दौरा या इतिहासातील सर्वांत समृद्ध अध्याय आहे. सलामीला बी. बी. किंग, आइक आणि टीना टर्नर आणि इंग्लिश गायक टेरी रीड. काही ठिकाणी चक बेरीही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील २७ व २८ नोव्हेंबरच्या मैफलींचे ध्वनिमुद्रण झाले. किंग आणि टर्नर यांच्या गाण्यांसह दोन तबकड्यांचा संच काढावा, असा बँडचा विचार होता. तो मान्य झाला नाही आणि १९७० मध्ये एकट्या स्टोन्सची तबकडी बाजारात आली. सलामीच्या कलावंतांची ती ध्वनिमुद्रणे २००९ च्या विस्तारित आवृत्तीत प्रसिद्ध झाली, म्हणजे चाळीस वर्षांनी. ऐकणाऱ्याला लगेच कळते की ही माणसे वेळ भरून काढायला आलेली नव्हती.

या दौऱ्यातील चढ्या तिकीटदरांवर सॅन फ्रान्सिस्कोचे समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी कडाडून टीका केली होती. दौऱ्याअखेरीस ६ डिसेंबर १९६९ रोजी अल्टामाँट येथील मोटारशर्यतीच्या मैदानावर विनामूल्य मैफल ठेवण्यात आली, त्यामागे या टीकेचाही वाटा होता. सँटाना, जेफरसन एअरप्लेन, फ्लाइंग बरिटो ब्रदर्स आणि क्रॉस्बी, स्टिल्स, नॅश अँड यंग यांनी आधी वाजवले. मंचाजवळचा बंदोबस्त हेल्स एंजल्स या मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडे होता. एअरप्लेनचे गायक मार्टी बॅलिन यांना टोळीतील एकाने मारून बेशुद्ध केले. हे ऐकून ग्रेटफुल डेड न वाजवताच निघून गेले. स्टोन्स गात असताना मंचासमोर अठरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय तरुणाचा भोसकून खून झाला. ज्या दौऱ्याने कृष्णवर्णीय कलावंतांना एवढा मोठा मंच दिला, त्याचा शेवट असा व्हावा हे फार क्लेशकारक आहे.

१९७० च्या युरोप दौऱ्यात बडी गाय आणि ज्युनिअर वेल्स ही शिकागोची जोडी सोबत होती. १९७२ च्या अमेरिका दौऱ्यात बावीस वर्षांचे स्टीव्ही वंडर सलामीला गायले. शेवटी ते पुन्हा मंचावर येत आणि त्यांचे एक गाणे व स्टोन्सचे एक गाणे जोडून दोन्ही ताफे एकत्र वाजवत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वंडर यांचा ‘टॉकिंग बुक’ हा अल्बम आला. त्याला लाभलेल्या गोऱ्या श्रोतृवर्गात या दौऱ्याचा वाटा निश्चित होता. १९७३ मध्ये बिली प्रेस्टन यांनी आधी स्वतःचा कार्यक्रम आणि मग स्टोन्सबरोबर कीबोर्ड अशी दुहेरी कामगिरी केली. १९७८ मध्ये जमैकाचे रेगे गायक पीटर टॉश यांना बँडने आपल्याच कंपनीत करारबद्ध केले आणि दौऱ्यावर नेले.

१९८१ पासून मैफली प्रामुख्याने क्रीडांगणांवर गेल्या आणि सलामीचे स्वरूप पालटले. उन्हात तासन्‌तास ताटकळलेल्या गर्दीला स्टोन्सखेरीज काही नको असे. ९ ऑक्टोबर १९८१ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये तेवीस वर्षांचे प्रिन्स मंचावर आले. अंगात लांब कोट, आत तोकडी काळी चड्डी. शिव्या आणि खाद्यपदार्थ यांचा मारा सुरू झाला आणि त्यांना काही गाण्यांतच आवरते घ्यावे लागले. जॅगरने मन वळवल्यावर ते ११ तारखेला परत आले. मारा तेव्हाही झाला. काळ्या तरुणाने स्त्री-पुरुषांच्या ठरीव वेशाची चौकट मोडलेली त्या गर्दीला सोसली नाही. त्याच वर्षी टीना टर्नरही स्टोन्सच्या मंचावर परतल्या. आइकपासून वेगळ्या होऊन नव्याने पाय रोवू पाहणाऱ्या टर्नर यांचे मोठे यश तेव्हा तीन वर्षे दूर होते. २२ नोव्हेंबरला शिकागोच्या चेकरबोर्ड लाउंजमध्ये मात्र स्टोन्सच पाहुणे म्हणून गेले आणि मडी वॉटर्स यांच्या मैफलीत त्यांच्याबरोबर गायले.

ऑक्टोबर १९८९ मध्ये त्याच कोलिझियममध्ये गन्स एन’ रोझेस आणि लिव्हिंग कलर हे दोन बँड सलामीला होते. लिव्हिंग कलर या कृष्णवर्णीय रॉक बँडच्या पहिल्या अल्बममधील दोन गाण्यांची निर्मिती जॅगरची. गन्स एन’ रोझेसच्या एका गाण्यातील वर्णद्वेषी शब्दांचा निषेध लिव्हिंग कलरचे गिटारवादक व्हर्नन रीड यांनी मंचावरूनच केला. गन्स एन’ रोझेसचे गायक अॅक्सल रोझ यांनी साथीदारांची नशाबाजी थांबली नाही तर बँड सोडण्याची धमकी हजारो लोकांसमोर दिली.

नव्वदच्या दशकात पर्ल जॅम, शेरिल क्रो, फू फायटर्स असे त्या त्या वेळी चलतीत असलेले कलावंत सलामीला येत गेले. यात व्यापारी हिशेब अधिक दिसतो. अपवाद बॉब डिलन यांचा. १९९५ मध्ये फ्रान्समधील मोंपेलिए येथे आणि १९९८ मध्ये दक्षिण अमेरिकेत ते स्टोन्सच्या आधी गायले. २००३ च्या एप्रिलमध्ये बंगळूर आणि मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर गाऊन गेलेला बँड ३० जुलैला टोरांटोत होता. सार्सच्या साथीने खचलेल्या शहरासाठी भरवलेल्या या मैफलीला सुमारे साडेचार लाख लोक आले. एसी/डीसी आणि रश यांचे जोरात स्वागत झाले; जस्टिन टिंबरलेक यांच्यावर बाटल्या पडल्या. ते जॅगरबरोबर गायला पुन्हा आले तेव्हा फेकणाऱ्यांना कीथ रिचर्ड्स यांनी मंचावरूनच फटकारले.

२ मे २०२४ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या जॅझ महोत्सवात ८३ वर्षांच्या अर्मा टॉमस स्टोन्सबरोबर ‘टाइम इज ऑन माय साइड’ गायल्या. त्यांनी १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले हे गाणे स्टोन्सनी त्याच वर्षी उचलले आणि स्टोन्सच्याच नावावर ते अमेरिकेत गाजले. लोक ते स्टोन्सचे समजू लागल्यामुळे टॉमस यांनी अनेक वर्षे ते म्हणणे सोडून दिले होते.