गाडीला घर

आमच्या कोरपन्यात ‘गॅरेज’ म्हणजे जिथं धडधाकट गाडी न्यावी आणि “पुरं इंजिन खोलावं लागते जी” हे ऐकून पायी घरी यावं, ती जागा. त्यामुळे “घरी गॅरेज बांधतोय” असं मी बँकेत जाहीर करताच कॅशियरनं काळजीनं विचारलं, “नोकरी सोडतोस की काय?” मूळ फ्रेंच शब्दात मात्र आसरा देण्याचा अर्थ आहे. माझ्या सेकंडहँड मोटारीला मला फक्त आसराच द्यायचा होता.

जागा तयार होती. बाबांनी 1980 साली घर बांधताना भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये सात फूट मोकळे सोडले होते. गावात आलेल्या एका डॉक्टरांची फियाट त्यांनी टेपनं मोजली होती : पावणेपाच फूट. मास्तराच्या पगारात फियाट आली नाही. त्या जागेत आईनं तुळस लावली आणि पुढं बाबांची स्कूटर उभी राहिली.

आता त्या कंपाउंडविषयी. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळे. आज दोन पोती हवी असली तर आपण मोबाईल काढतो. बाबांनी अर्ज काढला, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. या सिमेंटचं प्रताप असं, की त्याच्या वाटपाच्या आरोपांवरून अंतुल्यांना जानेवारी 1982 मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढच्याच महिन्यात सरकारनं नियंत्रण अर्धंमुर्धं उठवलं : कारखान्यांनी ठरलेला लेव्हीचा वाटा द्यायचा, उरलेलं खुल्या बाजारात विकायचं. 1983 मध्ये आमच्याच तालुक्यात आवारपूरला लार्सन अँड टुब्रोचा कारखाना सुरू झाला. जमिनीखाली चुनखडीच इतकी! 1989 च्या मार्चमध्ये नियंत्रण पुरतं गेलं. म्हणजे बाबांची भिंत अडीच-तीन वर्षं थांबली असती तर शेजारचं सिमेंट तिला मिळालं असतं. पण भिंतीला काय ठाऊक!

मी वाणिज्य पदवीधर. सातातून गाडीचे साडेपाच फूट वजा केले, शिल्लक दीड, नफ्यात आलो. नऊ-नऊ इंचांचे दोन पिलर मी खर्चाच्या बाजूला मांडलेच नव्हते. स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं, हळदीकुंकू लावून गाडी आत घातली. दोन्ही आरसे दुमडून ती गेली. दार मात्र उघडेना. मी मागच्या डिकीतून बाहेर आलो.

मिस्त्री म्हणाला, “माप कोनं घेतलं साहेब?”

मी गप्प. हिशेब चुकला की गप्प बसणं बँकेत शिकवतात.

एकच उपाय होता : कंपाउंड पाडून त्या बाजूचे पिलर बाहेर सरकवायचे. हे बाबांना सांगायला चार दिवस लागले. ते काही बोलले नाहीत. कपाटातून परमिटचा पिवळा कागद काढला, वाचला, घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी मिस्त्र्याच्या हातातला घण मागून घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला.

भिंत हलली नाही.

“परमिटचं सिमेंट हाय जी,” मिस्त्री म्हणाला. बाबा इतके खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.